दागिना तुमचा, पुरावा कुठे आहे?

१ जून ते ४ ऑगस्ट २०२४ या काळात सिंगापूरमध्ये बुकित तिमा रस्ता आणि रेल कॉरिडॉर यांच्या आसपासच्या खासगी घरांत दहा घरफोड्या झाल्या. गेलेल्या ऐवजाची किंमत सुमारे ३८.५ लाख सिंगापूर डॉलर. रेल कॉरिडॉर म्हणजे मलेशियाकडे जाणाऱ्या जुन्या रेल्वेचा मार्ग. २०११ साली तिथली गाडी बंद झाली आणि त्या चोवीस किलोमीटरच्या पट्ट्यावर आता लोक चालायला, धावायला जातात. बऱ्याच ठिकाणी दोन्ही बाजूंना दाट झाडी आहे आणि झाडीपलीकडे बंगल्यांच्या मागच्या भिंती. पोलिसांनी सांगितलं ते असं: परदेशी टोळ्यांतली माणसं पाहुण्यांच्या परवान्यावर आली, त्यांनी घरांची टेहळणी केली, ज्या घरांत कोणी नाही आणि कॅमेरा किंवा अलार्मही नाही अशी घरं हेरली, हात मारला आणि काही दिवसांत देशाबाहेर पडली.

या बातमीनंतर इथल्या मराठी घरांत सोन्याची चर्चा झाली नसती तरच नवल. लग्नात मिळालेलं, सासूबाईंनी दिलेलं, दिवाळीला थोडं थोडं घेतलेलं सोनं बहुतेक घरांत असतं. सण आला की ते अंगावर येतं, एरवी कपाटात. सिंगापूर सुरक्षित आहे यात शंका नाही, आणि म्हणूनच ‘इथं काही होत नाही’ हा विश्वास इतका पक्का बसतो की दागिन्यांची साधी यादीही कोणी केलेली नसते. गुन्हे कमी आहेत म्हणजे गुन्हे नाहीत असं समजू नका, हे सिंगापूर पोलिसांचं वर्षानुवर्षांचं सांगणं आहे. ते मनावर घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं, आणि त्याचं कारण फक्त चोरांची भीती एवढंच नाही. घरातल्या चोरीत वस्तू परत मिळणं आणि निरपराध माणूस वाचणं या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर अवलंबून असतात. तो कागद चोरी होण्याच्या आधी तयार करावा लागतो.

आधी कायदा पाहू. तो मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. सिंगापूरची दंडसंहिता १८७१ सालची. ब्रिटिशांनी भारतीय दंडसंहितेच्या साच्यावरच ती केली, त्यामुळे कलमांचे आकडेही बरेचसे तेच राहिले. चोरी ३७८, चोरीची शिक्षा ३७९, राहत्या घरातली चोरी ३८०, नोकरानं मालकाच्या मालाची केलेली चोरी ३८१, चोरीचा माल घेणं ४११, फसवणूक ४२०. भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि हे आकडे गेले. चोरी आता ३०३ व्या कलमात आणि घरातली चोरी ३०५ मध्ये आहे. सिंगापूरमध्ये मात्र आपल्या आजोबांच्या काळातल्या वकिलाला पाठ असलेली कलमं आजही चालू आहेत. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत. घर ही माणसाची सर्वांत विश्वासाची जागा, तिथली चोरी जास्त गंभीर, हा विचार दोन्हीकडे सारखाच.

पण शिक्षा चोराला होते. तुमच्या पाटल्यांचं काय होतं?

पोलिसांना माल सापडला की तो जप्त होतो. सिंगापूरच्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे जप्त मालाची तपासाला गरज उरली नाही, किंवा जप्तीला एक वर्ष झालं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा पोलिसांनी मॅजिस्ट्रेटला अहवाल द्यायचा असतो. मग तो माल कोणाच्या ताब्यात द्यायचा हे न्यायालय ठरवतं. हक्क सांगणारा एकच असला तर काम सोपं. पण बांगडी मधल्या काळात कोणी गहाण ठेवली असेल, कोणी पैसे मोजून विकत घेतली असेल, तर दोन हक्कदार समोरासमोर येतात आणि मग प्रत्येकाला आपला पुरावा दाखवावा लागतो. गुन्हा सिद्ध झाला तर आरोपीनं नुकसानभरपाई द्यावी का, याचा विचार करणं न्यायालयाला बंधनकारक आहे. मात्र ज्याच्याकडे पैसेच उरलेले नाहीत त्याच्याकडून भरपाई वसूल कशी व्हायची? म्हणून खरी आशा वस्तू सापडण्यावरच असते.

आणि वस्तू सापडतात कुठे? बहुधा जिथे सोन्याचे पैसे होतात तिथे. सिंगापूरमध्ये पॉनशॉप गल्लोगल्ली आहेत आणि तो धंदा चोख कायद्याखाली चालतो. महिन्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त व्याज लावता येत नाही, दागिना सोडवायला किमान सहा महिने द्यावे लागतात आणि गहाण ठेवणाऱ्याची ओळख नोंदवावी लागते. जुन्या मालाचे व्यापारी आणि सोन्या-हिऱ्यांचे व्यापारी यांच्यासाठीही वेगळे कायदे आहेत, नोंदी आहेत. म्हणजे चोरलेली बांगडी बाजारात गेली की तिच्या मागे कागद तयार होतो. तुमच्याकडचा कागद त्या कागदाशी जुळला तर बांगडी परत येण्याची शक्यता असते. तुम्ही पोलिसांना नुसतं ‘सोन्याच्या चार बांगड्या’ एवढंच लिहून दिलंत, तर जुळवायचं कशाशी?

मराठी दागिन्यांच्या बाबतीत ही अडचण जास्त मोठी आहे. तक्रार लिहून घेणाऱ्या सिंगापुरी अधिकाऱ्यानं ठुशी पाहिलेली नसते. कोल्हापुरी साज, बोरमाळ, चिंचपेटी, मोहनमाळ, नथ ही नावं त्याला काहीही सांगत नाहीत. मंगळसूत्र म्हणजे त्याच्या लेखी काळ्या मण्यांचा हार. तेव्हा वर्णन असं हवं की दागिना कधीही न पाहिलेल्या माणसाला तो शंभर दागिन्यांत ओळखता यावा. मंगळसूत्राच्या वाट्या साध्या की नक्षीच्या, पदर एक की दोन, मणी सोन्याच्या तारेत गुंफलेले की दोऱ्यात, मध्ये सोन्याचे मणी किती, फासा कसला. पाटली पोकळ की भरीव, फिरकीची की सरकवायची. कुठे डाग देऊन जोडलेली असेल तर तो जोड नेमका कुठे. वापरानं एका बाजूची नक्षी झिजली असेल तर तीही खूण. शोरूममधला नवा दागिना हजारो दागिन्यांसारखा असतो. वापरलेला दागिना फक्त तुमचा असतो, आणि त्याच्यावरच्या या बारीकसारीक खुणाच पुढे कामी येतात.

वजनाचा घोळ वेगळाच. आपण घरात ‘तीन तोळ्यांचा हार’ म्हणतो. जुन्या मापानं तोळा ११.६६ ग्रॅमचा, आणि आजचे सराफ सर्रास दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. तीन तोळ्यांत हा फरक जवळजवळ पाच ग्रॅमचा होतो. आजीचा हार कुठल्या तोळ्यानं मोजला होता हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक दागिना ग्रॅममध्ये, दशांशासह, पुन्हा मोजून घ्या. खडे असतील तर ते धरून एकूण वजन आणि पावतीवर असेल तर निव्वळ सोन्याचं वजन, दोन्ही लिहा. सिंगापूरच्या सराफाकडे बावीस कॅरेटला ९१६ म्हणतात, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. हा आकडा दागिन्यावर उठवलेला असतो. भारतात अलीकडे घेतलेल्या हॉलमार्कच्या दागिन्यावर याशिवाय सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून तो नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकताच येत नाही. हा क्रमांक प्रत्येक नगाला वेगळा असतो. तो इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीण. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं जवळून, भिंगातून फोटो घेतला तर वाचता येतो. तो मालकाच्या नावाशी जोडलेला नसतो, हेही लक्षात असू द्या. पावतीवर तो छापलेला असेल आणि पावती तुमच्या नावावर असेल, तर साखळी पूर्ण होते.

जुन्या सोन्याला ना पावती, ना हॉलमार्क. तिथे लग्नाच्या अल्बममधला फोटो हा उत्तम पुरावा. मुंजीतला, बारशातला, हळदीकुंकवातला असा कुठलाही फोटो चालेल; त्यात दागिना स्पष्ट दिसावा आणि अंगावर घालणारी व्यक्ती ओळखू यावी. आजचे फोटो काढाल तेव्हा दागिन्याशेजारी मोजपट्टी ठेवा, पुढून, मागून आणि फासा किंवा फिरकी उघडून असे वेगवेगळे घ्या. देव्हाऱ्यातली चांदीची भांडी, निरांजनं, मूर्ती यांचेही फोटो घ्या. यादीत ती हमखास राहून जातात. घड्याळाचा, लॅपटॉपचा, सायकलच्या सांगाड्यावरचा अनुक्रमांक लिहून ठेवा. मोबाइलवर *#०६# दाबलं की त्याचा आयएमईआय क्रमांक दिसतो, तोही टिपून ठेवा. आणि ही सगळी यादी त्याच मोबाइलमध्ये किंवा त्याच कपाटात ठेवू नका. एक प्रत भारतातल्या भावाकडे किंवा बहिणीकडे असली तर बरं.

आता या यादीची दुसरी बाजू. सिंगापूरच्या घराघरांत घरकामाला मुक्कामी असलेल्या परदेशी बायका, ज्यांना आपण हेल्पर म्हणतो, त्यांची संख्या जवळपास तीन लाख आहे. इंडोनेशिया, फिलिपिन्स, म्यानमार, भारत इथून आलेल्या. घरातून एखादी वस्तू दिसेनाशी झाली की पहिला संशय त्यांच्यावर जातो. त्यांच्यातल्या पार्ती लियानी या इंडोनेशियन बाईच्या खटल्यानं सगळ्या देशाला विचार करायला लावलं.

पार्ती २००७ पासून एका श्रीमंत कुटुंबात कामाला होती. कुटुंबप्रमुख लिव मुन लियाँग हे तेव्हा चांगी विमानतळ चालवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी तिला अचानक कामावरून काढलं आणि सामान बांधायला जेमतेम काही तास दिले. तिनं सामान तीन मोठ्या खोक्यांत भरलं, खोकी इंडोनेशियाला पाठवा असं सांगितलं आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी कुटुंबानं खोकी उघडली. त्यात आपल्या वस्तू सापडल्या असं सांगत ३० ऑक्टोबरला पोलिसांत तक्रार दिली. डिसेंबरच्या सुरुवातीला ती सिंगापूरला परत आली तेव्हा तिला अटक झाली. घड्याळं, हँडबॅगा, कपडे, मोबाइल, डीव्हीडी प्लेअर असा सुमारे ३४,००० डॉलरच्या वस्तूंचा आरोप कनिष्ठ न्यायालयात मान्य झाला आणि मार्च २०१९ मध्ये तिला २६ महिन्यांची शिक्षा सुनावली गेली.

४ सप्टेंबर २०२० रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चान सेंग ऑन यांनी तिला सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं. त्यांच्या निकालाचा गाभा तुमच्या-माझ्या कपाटाशी थेट संबंधित आहे. खोकी उघडल्यापासून पोलिस पहिल्यांदा घरी येईपर्यंत पाच आठवडे गेले होते. त्या काळात वस्तू कुटुंबाच्याच ताब्यात होत्या, हाताळल्या जात होत्या. खोक्यांत नेमकं काय होतं आणि नंतर त्यात काय आलं, हे मग कोणीच खात्रीनं सांगू शकत नव्हतं. पुराव्याची साखळी तिथेच तुटली. डीव्हीडी प्लेअर बिघडला म्हणून टाकायला काढला होता, असं पार्तीचं म्हणणं. न्यायालयात तो चालतो असं दाखवलं गेलं, पण तो डीव्हीडी लावण्यासाठी नव्हे तर त्याच्या दुसऱ्या एका सोयीनं चालवून दाखवला होता, हे उच्च न्यायालयात उघड झालं. महागडं म्हणून नोंदवलेलं एक घड्याळ मोडकं होतं. कुटुंबातल्या मुलाच्या म्हणून सांगितलेल्या कपड्यांत बायकी कपडेही होते. तिचे जबाब घेतानाही गडबड झाली; ती बहासा इंडोनेशिया बोलणारी, आणि दुभाषी मलय बोलणारा.

मुलाचं घर आणि ऑफिस साफ करण्याचं बेकायदा काम आपल्याला दिलं जातं, याची तक्रार ती सरकारकडे करील, या धास्तीतून आरोप झाले असावेत, असंही न्यायमूर्तींना दिसून आलं. निकालानंतर सहा दिवसांत लिव यांनी पदं सोडली. वकील अनिल बालचंदानी यांनी पार्तीचा खटला एक पैसा न घेता लढवला होता, आणि स्थलांतरित कामगारांसाठी काम करणाऱ्या ‘होम’ या संस्थेनं तिला आसरा दिला होता. निर्दोष ठरेपर्यंत जवळजवळ चार वर्षं गेली. या काळात तिला कमाईचा मार्ग नव्हता आणि घरी जाता येत नव्हतं.

हा खटला मला अतिशय महत्त्वाचा वाटतो, कारण यातले बहुतेक प्रश्न एका साध्या यादीनं सुटले असते. कुठली वस्तू कोणाची, कधी घेतली, चालू होती की टाकून दिलेली. श्रीमंत घरात आठवणीवर विसंबून दावे झाले, आणि आठवण किती फसवी असते ते उलटतपासणीत दिसलं. आपल्याकडे तर जुने कपडे, जुनी भांडी, जुना मोबाइल कामवाल्या बाईला देण्याची पद्धतच आहे. देणारा दोन वर्षांत विसरतो. घेणारीकडे चिठ्ठी नसते. तेव्हा काही दिलंत तर व्हॉट्सअ‍ॅपवर तिला दोन ओळींचा मेसेज पाठवा आणि वस्तूचा फोटो जोडा. तिला ते पत्रासारखं जपता येईल. खोटी माहिती देऊन पोलिसांना कोणाच्या मागे लावणं हा सिंगापूरमध्येही, जुन्याच १८२ व्या कलमाखाली, गुन्हा आहे. घरात कॅमेरे लावायचे असतील तर ते हेल्परला सांगूनच लावा. ती झोपते, कपडे बदलते किंवा अंघोळ करते तिथे कॅमेरा लावायचा नाही, असं मनुष्यबळ मंत्रालयाचं स्पष्ट सांगणं आहे. तिचा पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवणं ही सुरक्षितता नव्हे, तो कायद्याचा भंग आहे.

घराच्या बंदोबस्ताबद्दल फार लिहीत नाही. जे आहे ते साधं आहे आणि बहुतेकांना माहीत आहे. ते करत नाहीत एवढंच. सिंगापूरचे सुमारे ऐंशी टक्के रहिवासी एचडीबीच्या सरकारी इमारतींत राहतात. तिथे दारासमोरच्या कॉरिडॉरमध्ये चपलांचं कपाट असतं, आणि किल्ली ठेवण्याची सगळ्यांची आवडती जागा तीच. चोरालाही ती ठाऊक असते. कॉरिडॉरलगतची खिडकी उघडी टाकून, आतल्या टेबलावर पाकीट ठेवून आपण स्वयंपाकघरात जातो. लोखंडी दाराला कुलूप लावाल तर कडी कापता येणार नाही असं, कडी झाकलेलं लावा. ५ मे २०२३ पासून एचडीबीच्या घरमालकाला कॉरिडॉरकडे तोंड असलेला कॅमेरा लावायला टाऊन कौन्सिलची परवानगी लागत नाही. फक्त तो शेजाऱ्याच्या दाराकडे किंवा खिडकीकडे रोखलेला नसावा. भारतात महिनाभर सुट्टीला जाताना विमानतळावरचा फोटो फेसबुकवर टाकण्याची घाई करू नका. शेजारच्या मलय किंवा चिनी आजीला दारात साठणारी पार्सलं आत घ्यायला सांगून जा. या आजींसारखा पहारा दुसरा नाही.

विम्याबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायलाच हवा. एचडीबीच्या कर्जाबरोबर घ्यावा लागणारा अग्निविमा घराच्या बांधकामापुरता असतो. तुमचं सामान, दागिने त्यात येत नाहीत. त्यासाठी घरातल्या सामानाचा वेगळा विमा लागतो, आणि त्यातही दागिन्यांना बहुधा मर्यादा असते. बऱ्याच पॉलिसींत कुलूप तोडल्याची खूण दिसली तरच चोरीचा दावा मान्य होतो. म्हणजे खिडकी उघडी राहिली आणि हार गेला, तर विमा हात वर करू शकतो. पॉलिसी घेताना हे वाक्य शोधून वाचा. सोनं पुण्याच्या बँकेतल्या लॉकरमध्ये असेल तर तेही समजून घ्या: २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेच्या हलगर्जीपणामुळे चोरी झाली तर तिची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच आहे. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख, मग आत काहीही असो. आत काय आहे हे बँकेला माहीतही नसतं. लॉकरची यादीही तुमची तुम्हालाच ठेवायची आहे.

चोरी झालीच तर? दार फोडलेलं दिसलं तर आत शिरू नका. चोर आत असू शकतो. बाहेर उभं राहून ९९९ लावा. आत जाणं भागच पडलं तर काही उचलू नका, कपाट आवरू नका, रडतारडता सगळे खण पुन्हा पुन्हा चाचपू नका. ठशांचा पुरावा तिथेच असतो. बँकेची कार्डं गेली असतील तर ती आधी बंद करा. मग यादी पोलिसांना द्या, आणि नंतर कुठली वस्तू घरातच सापडली तर तेही लगेच कळवा. लाज वाटते म्हणून हे लपवणारी माणसं असतात; पण तेवढ्यात कोणाचा तरी जबाब घेतला जात असतो. आपली वस्तू कॅरुसेल या ऑनलाइन बाजारात विकायला दिसली, किंवा मोबाइलचा ठावठिकाणा नकाशावर दिसला, तर स्वतः तिथे जाऊ नका. चित्र टिपून तपास अधिकाऱ्याला पाठवा.

आणि आता सर्वांत मोठी चोरी दार न फोडताच होते. २०२४ मध्ये सिंगापूरमध्ये फसवणुकीची ५१,५०१ प्रकरणं नोंदली गेली आणि लोकांचे १.१ अब्ज डॉलरहून जास्त गेले. फोनवरून सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करणारे लोक तपासासाठी म्हणून रोख रक्कम आणि सोनंसुद्धा त्यांच्या माणसाच्या हाती द्यायला लावतात. कुठलाही खरा पोलिस तुमचं सोनं असं मागत नाही. शंका आली तर १७९९ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विचारता येतं. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना हा क्रमांक लिहून फ्रिजवर लावून द्या. अशा फोनला त्यांनीही बळी पडू नये.

या रविवारी दुपारी कपाट उघडा. वजनकाटा, मोजपट्टी आणि मोबाइल जवळ घ्या. एक तास पुरेल.